‘टिएरा’तील परिसंस्था : एक चिकित्सा

परिसंस्थेप्रमाणे स्वतःची घडी स्वतः बसविणाऱ्या संगणकप्रणालींच्या चर्चेत टॉम रे यांच्या ‘टिएरा’चा दाखला हमखास दिला जातो. वर्षावनांचे अभ्यासक असलेल्या रे यांनी १९९० मध्ये संगणकाच्या स्मृतीत ८० आज्ञांचा, स्वतःची प्रत काढणारा एक प्रोग्रॅम सोडला. प्रतींतील बदलांतून अवघ्या ४५ आज्ञांचा परजीवी उपजला. प्रत काढण्याच्या आज्ञा त्याच्यापाशी नव्हत्याच. शेजाऱ्याच्या आज्ञांवर तो आपले काम भागवी. पुढे त्याला दाद न देणारे यजमानही निर्माण झाले. यांपैकी एकही रे यांनी लिहिलेला नव्हता, हे टिएराचे निर्विवाद यश होय.

मात्र ‘परिसंस्था’ ही संज्ञा येथे फार सैलपणे योजिली जाते. बदल घडविणाऱ्या चुकांचे प्रमाण रे यांनीच ठरविलेले. स्मृती भरत आली की जुन्या व चुकणाऱ्या प्रोग्रॅमांना संपविणारा ‘रीपर’ही त्यांचाच. अरण्यात मृत्यू आणि विघटन ही अरण्याचीच कार्ये असतात. वाळवी आणि बुरशी कोणी बाहेरून नेमावी लागत नाही. टिएरात मृताच्या आज्ञा त्यांवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तशाच पडून राहतात, त्यांचे विघटन करणारा कोणी नाही. रीपर काढून घेतला, तर स्मृती भरते आणि नवा जन्मच थांबतो.