खोली, आडनाव आणि आपले साहित्य

दलित साहित्यात गावकूस आहे, महारवाडा आहे, झोपडपट्टी आहे, चाळ आहे. भाड्याची खोली मात्र फार थोडी आहे. जिथे ती येते तिथेही बहुधा पार्श्वभूमी म्हणून येते आणि समीक्षक तिच्यावरून पुढे निघून जातात. वास्तविक, शिकलेल्या आणि नोकरीला लागलेल्या दलित तरुणाला शहरातली जातिव्यवस्था प्रथम समोरासमोर भेटते ती खोली शोधताना. कचेरीत त्याला पद असते, वर्गात हजेरीपटावर क्रमांक असतो. खोली मागायला गेला की त्याच्याजवळ फक्त आडनाव उरते. हा अनुभव आपल्या साहित्याने पुरेसा हाताळलेला नाही, आणि जिथे हाताळला तिथे आपण त्याचे वाचन अर्धेच केले, असे माझे म्हणणे आहे.

शिक्षणाआधी निवारा लागतो, हे आपल्या पूर्वसूरींनी नेमके ओळखले होते. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडला तरी शाळेच्या गावात मुलाला राहू कोण देणार, हा प्रश्न त्यामागे होता. पण वसतिगृहाची सोय विद्यार्थीदशेपुरती असते. नोकरी करता करता शिकू पाहणारा तरुण तिच्या कक्षेत येत नाही. तो थेट बाजारात उभा राहतो.

या प्रश्नाचा आद्य दस्तऐवज बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत १९१७ सालच्या बडोद्याची हकिकत आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला तरुण अधिकारी राहण्यासाठी जागा शोधतो आणि ती त्याला मिळत नाही. शेवटी तो एका पारशी मुसाफिरखान्यात पारशी नावाने राहतो. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव येतो आणि त्याला बाहेर काढतो. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघेही आपापल्या अडचणी सांगतात. गाडीची वेळ होईपर्यंत तो अधिकारी बागेत बसून राहतो.

या हकिकतीतल्या काठ्या सगळ्यांच्या लक्षात राहतात. पण तिच्यात मुसाफिरखान्याचा रखवालदारही आहे. समोरचा माणूस पारशी नाही हे त्याला ठाऊक होते. मुसाफिरखाना ओस पडलेला होता, चार पैसे मिळणार होते. म्हणून त्याने वहीत पारशी नाव लिहून घ्यायला मान्यता दिली. म्हणजे ज्याला पैसे मिळणार होते तो तयार होता, आणि तरीही त्याची तयारी टिकली नाही. पैशाच्या व्यवहारात जात आपोआप विरघळते असे मानणाऱ्यांनी हा रखवालदार पुन्हा वाचावा.

दुसरी महत्त्वाची कृती म्हणजे बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा. १९६३ साली याच नावाच्या संग्रहातून ती पुस्तकरूपाने आली. रेल्वेत नव्याने लागलेला नायक जात झाकून परक्या गावात आसरा मिळवतो. जात उघडी पडते आणि त्याला बेदम मार बसतो. काशिनाथ हा त्याचा जातभाई त्याला सोडवतो. आपल्या समीक्षेने या कथेत मुख्यतः विद्रोह पाहिला, आणि ते योग्यच आहे. मार खाणारा नायक मारणाऱ्या हातांपलीकडे मनूला पाहतो, ही त्या कथेची फार मोठी झेप आहे. पण शीर्षकातल्या ‘चोरली’ या शब्दाशी आपण पुरेसे थांबलो नाही. चोरी ठरण्यासाठी वस्तू कोणाच्या तरी मालकीची असावी लागते. नायकाची जात नायकानेच झाकली, तर चोरी कोणाची झाली? ती विचारण्याचा हक्क आपल्याला आहे असे समजणाऱ्याची. बागुलांनी घरमालकाच्या भाषेतला शब्द उचलून कथेच्या माथ्यावर ठेवला आहे. तो नायकाचा कबुलीजबाब समजून वाचणे म्हणजे घरमालकाच्या ओट्यावर बसून कथा वाचणे होय.

बडोद्याची काठी आणि बागुलांच्या नायकाने खाल्लेला मार इथपर्यंत आपले साहित्य येऊन पोचले. पुढे काय झाले? मी न्हावा शेव्याला, बंदरातल्या मालाची कस्टमची कागदपत्रे तयार करणाऱ्या एका कचेरीत काम करतो. नोकरी सांभाळून पुढचे शिक्षण घ्यायचे म्हणून मी नेरुळच्या बाजूला, विद्यापीठाजवळ जागा पाहू लागलो. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून न्हावा शेव्याहून तिकडे जाणे-येणे सोपे झाले आहे. डिपॉझिटची रक्कम जमवलेली होती, पगाराची पावती खिशात होती. दलाल फोनवर म्हणाला, ‘‘सर, फ्लॅट एकदम तयार आहे. तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?’’ मी सांगितले. ‘‘मूळ गाव कुठलं?’’ तेही सांगितले. ‘‘नॉनव्हेज खाता का?’’ दुसऱ्या दिवशी निरोप आला : ‘‘सॉरी सर, मालक आता फॅमिलीलाच द्यायची म्हणतात.’’ त्याच महिन्यात आमच्याच कचेरीतला, माझ्याइतक्याच पगाराचा, माझ्यासारखाच अविवाहित सहकारी त्या फ्लॅटमध्ये राहायला गेला.

इथे कोणी काठी उचलली नाही. आवाजही चढवला नाही. दलालाला विचारावे तर तो मालकाकडे बोट दाखवतो, मालक सोसायटीकडे, सोसायटीचा सेक्रेटरी कमिटीकडे. बागुलांच्या नायकासमोर माणसे होती, म्हणून काशिनाथला धावून येता आले. इथे काशिनाथ आला तरी त्याने कोणाच्या अंगावर जायचे? लेखकापुढची अडचण नेमकी हीच आहे. संघर्ष उभा करायला प्रतिपक्ष लागतो, आणि इथला प्रतिपक्ष ‘सॉरी’ म्हणून फोन ठेवतो. अपमान झाला की आपणच संशयी झालो, या शंकेत तरुण रात्र काढतो. ही शंका हाच नव्या अन्यायाचा गाभा आहे. आपल्या कथेत ती अजून आलेली मला दिसत नाही.

ही शंका निराधार नाही, याला अभ्यासाचा आधार आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास करून तो २०१५ साली प्रसिद्ध केला. चौकशी करणाऱ्याचे नाव दलित किंवा मुसलमान असले की नकार वाढतात, असे त्यात दिसून आले. मुसलमान तरुणांना तर हे आपल्याहून अधिक सोसावे लागते, हे आपल्या लेखकांनी विसरू नये.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या घराचा नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात मात्र अस्पृश्यतेच्या कारणाने कोणत्याही वस्तीत राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. पण कारण उच्चारलेच गेले नाही तर ते शाबीत कसे करायचे? शिवाय २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा संस्थेचा नियम वैध ठरवला. बडोद्यात जमावाने जे केले ते चूक, हे आज सर्वांना मान्य आहे. संस्थेच्या नियमाने तेच साधले की त्याला संघटनस्वातंत्र्य म्हणतात. राज्य सरकारची स्वाधार योजना वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी पैसे देते. ती योजना हवीच. पण सरकार भाडे देऊ शकते; दार उघडायला लावणे अजून त्याला जमलेले नाही.

न्हावा शेव्याच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथला घरमालक पुष्कळदा स्वतः उठवला गेलेला माणूस आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी भूसंपादन सुरू झाले. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात त्याचे पुनर्वसन झाले आणि तिथली घरे वाळवीने पोखरली. १९८९ साली बंदर सुरू झाले. शेतकऱ्यांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना मिळाली. त्या भूखंडांवर इमारती उठल्या आणि कालच्या शेतकऱ्याच्या घरी भाडे येऊ लागले. ते त्याच्या हक्काचे आहे. पण योजनेचे माप गेलेल्या जमिनीच्या प्रमाणात होते. ज्याच्या सातबाऱ्यावर कधी जमीनच नव्हती त्याच्या वाट्याला त्या प्रमाणात काय येणार?

मी पुढे याच बाजूला, उलव्यात खोली पाहिली. मालकीण बाई वयस्क होत्या. ‘‘आमचं घर सरकारनी नेलं रे बाबा,’’ असे सांगत त्यांनी चहा दिला आणि चहा संपल्यावर आडनाव विचारले. खोली मिळाली नाही. त्या बाईंना खलनायिका करणे सोपे आहे, आणि ते खोटे होईल. घर जाण्याचे दुःख त्यांना माझ्याइतकेच, कदाचित जास्तच कळत होते. ते कळूनही प्रश्न सुटला नाही. श्रेणीबद्ध विषमतेबद्दल बाबासाहेबांनी जे मांडले ते त्या ओट्यावर मला समोर दिसले : प्रत्येकाच्या खाली कोणी तरी आहे, म्हणून वरून बसलेला घाव माणसाला खालच्याचा सोबती करीलच असे नाही.

आपल्या नव्या लेखकांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. मार लिहिण्यात आपण कमी पडलो नाही. आता हा चहा, हा ‘सॉरी’ आणि फोन ठेवल्यानंतरची शंका लिहिली पाहिजे. सोसायटीचा फॉर्म, दलालाचे तीन प्रश्न, अकरा महिन्यांचा करार, पोलीस पडताळणीचा कागद ही आजची सामग्री आहे. ती कोरडी वाटते म्हणून टाकून देऊ नये. व्यवस्था आज याच कागदांत राहते. आणि समीक्षकांनी अशा लेखनात काठी नाही म्हणून विद्रोह नाही, असा निवाडा देऊ नये. ज्या तरुणाने दलालाला आपले पूर्ण नाव एकही अक्षर न गाळता सांगितले, त्याने ‘जात चोरली’ हा आरोप फेटाळलेला असतो. खोली त्याला मिळो वा न मिळो, त्या उच्चारात नकार आहे आणि तो साहित्याचा विषय आहे.