'द्वेष' आणि 'भेद' : वंशवादाच्या व्याख्येचा एक प्रश्न

वंशवादाच्या व्याख्येविषयी सामान्यतः दोन पक्ष आढळतात. जन्मावरून मनुष्याविषयी बाळगलेला आकस म्हणजे वंशवाद, असे पहिला पक्ष मानतो. त्या अर्थाने कोणीही त्याचा बळी ठरू शकतो. सत्तेच्या पाठबळावाचून वंशवाद संभवत नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. त्या अर्थाने सत्ताधारी समूह त्याचा बळी होऊच शकत नाही. एकाच शब्दावर दोन अर्थांचा भार पडल्यामुळे हा वाद बव्हंशी उद्भवला आहे.

मराठीत हे अर्थ दोन उत्तरपदांनी वेगळे राहिले आहेत. 'द्वेष' केला जातो. 'भेद' पाळला जातो. 'पाळणे' हे क्रियापद व्रताला, सुतकाला व विटाळालाही लागते. जे पाळावयाचे त्यासाठी मनात वैर असावे लागत नाही. रूढी पुरेशी होते. द्वेषाला व्यक्ती पुरते, भेदाला व्यवस्था लागते.

जात म्हणजे वंश नव्हे, हे आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील १९३६ च्या निबंधात प्रतिपादिले. तथापि वंशभेदाच्या निर्मूलनासाठी १९६५ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात वंश व वर्ण यांच्यासमवेत कुलपरंपरेचाही उल्लेख आहे, आणि त्यात जातीचा अंतर्भाव होतो असे त्या कराराखालील समितीने २००२ साली म्हटले. भारत सरकारची भूमिका याहून भिन्न राहिली. ते काहीही असले तरी, जन्माने माणसाचे स्थान ठरविण्याची क्रिया दोहोंत समान असल्यामुळे वऱ्हाडातील उदाहरणे येथे अप्रस्तुत ठरत नाहीत.

नोव्हेंबर १९२७ मध्ये आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, हा तेथील प्रश्न होता. मंदिराबाहेर थांबविल्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने पुजाऱ्याच्या अंतःकरणात द्वेष होता की करुणा, याने काय फरक पडणार होता? दार बंदच राहिले असते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अकोला व अमरावती जिल्ह्यांत फासेपारध्यांची वस्ती आहे. 'पारधी' हा शब्द पारध करणाऱ्याचा, म्हणजे धंद्याचा वाचक. 'फासे' हे पूर्वपद त्या धंद्याचे साधन सांगते. गुन्हेगार जमातींविषयीच्या, १८७१ पासूनच्या कायद्यांनी जन्म हाच संशयाचा पुरावा ठरविला, आणि पारध्यांसारख्या जमातींच्या नावाला गुन्ह्याचा अर्थ चिकटला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; चिकटलेला अर्थ मात्र सुटला नाही. हजेरीपटावर नावे मांडणाऱ्या कारकुनाला कोणाचा द्वेष करावा लागला नसेल. वंशवादाचे याहून शुद्ध रूप दाखविणे कठीण आहे.

याउलट, १९४८ साली गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. ज्यांचा हत्येशी संबंध नव्हता त्यांनाही केवळ जन्मामुळे शासन भोगावे लागले. हा जातिद्वेष होता, आणि दुसऱ्या पक्षाला तो नाकारता येणार नाही. परंतु त्या आगीने ब्राह्मणांसाठी पाणवठा वा मंदिर बंद झाले नाही. दुःख खरे होते. व्यवस्था मात्र उलटली नव्हती.

आपल्या कायद्यांतही दोन्ही दृष्टी दिसतात. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात अपराधी कोणत्याही जातीचा असू शकतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तो अनुसूचित जाती-जमातींबाहेरचाच असावा लागतो. पहिल्याचे लक्ष कृतीकडे आहे, दुसऱ्याचे उतरंडीकडे. उतरंडीत मधल्या पायरीवरचा माणूस वरच्याकडून भेद सोसतो आणि खालच्याशी तो पाळतो, हेही अभ्यासकाने विसरू नये.

सारांश, द्वेषाचा बळी कोणीही होऊ शकतो; भेदाचा बळी तोच, ज्याच्या वाटेवरील दार दुसऱ्याच्या हाती आहे. दोहोंना एकच नाव दिले, की एका दिवसाच्या आगीची आणि पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिलेल्या दाराची तुलना सुरू होते, आणि त्या तुलनेत दार नेहमी विसरले जाते.