रिकाम्या खुर्चीतला माणूस

राइट मॉरिस (१९१०–१९९८) या अमेरिकन कलावंताने कॅमेरा आणि लेखणी सारख्याच निष्ठेने हाताळली. त्यांच्या ‘द होम प्लेस’ (१९४८) या कादंबरीत मजकुराच्या प्रत्येक पानासमोर नेब्रास्कातील शेतघराचे एक छायाचित्र आहे. त्यांत माणसे जवळजवळ नाहीतच. आहेत त्या त्यांच्या वस्तू. भिंतीलगतची साधी खुर्ची पाहताना तिच्यावर बसून गेलेला माणूस आम्हांस जाणवत राहतो.

कथानायक सहकुटुंब गावी परततो. वृद्ध एडचे घर आपल्याला मिळावे, अशी त्याची इच्छा असते. परंतु आत शिरल्यावर ते घर रिकामे नाही, हे त्याला उमगते. परक्याच्या खाजगी आयुष्यात डोकावण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न छायाचित्रकारालाही चुकत नाही.

कथानायकाची शेरेबाजी कधीकधी चित्रांच्या मौनावर अतिक्रमण करते, हा या कृतीतील दोष होय. पुढे मॉरिस मुख्यत्वे कादंबरीकडे वळले. १९५७ आणि १९८१ साली त्यांना ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ लाभले. सन्मान कादंबरीकाराचा झाला खरा. तथापि शब्द आणि चित्र यांनी एकमेकांचा मान राखला, ती पानेच आम्ही श्रेष्ठ मानतो.