सांध्याची समीक्षा : इंजिनाचा पाळणा आणि 'जुगाड'चे मराठी कौतुक

प्रस्तावना :

मराठीत समीक्षा म्हटली की कविता, कादंबरी, नाटक आणि फार तर चित्रपट एवढीच क्षेत्रे डोळ्यांसमोर येतात. माणसाने हातांनी घडविलेली, रोजच्या वापरातील यंत्रवस्तू हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही कल्पना आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. यंत्रवस्तूविषयी मराठीत लिहिले जाते ते दोनच प्रकारांनी. एक, कंपनीच्या माहितीपत्रकाची भाषा, आणि दुसरे, वृत्तपत्रातील कौतुकाची भाषा. दोन्हींत गुणदोषविवेचनाला जागा नसते. एका गाडीचे इंजिन काढून तेथे दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसविण्याची कला आणि त्यासाठी हाताने घडवावा लागणारा आधारसांगाडा, म्हणजेच इंग्रजी पुस्तकांतील 'क्रेडल' आणि आपल्याकडील गॅरेजमधील 'फाउंडेशन' किंवा 'माउंटिंग', हा अशा विवेचनाचा एक चांगला कस ठरू शकतो. पाळणा हा शब्द येथे केवळ भाषांतरादाखल घेतलेला नाही. जड, थरथरणारी, क्षणोक्षणी उसळी घेणारी वस्तू झोके देत पण हातातून न निसटू देता सांभाळणे, हे या सांगाड्याचे नेमके कार्य होय.

पाळणा काय करतो ?

वरकरणी काम सोपे दिसते. चार पट्ट्या, दोन चॅनल, रबरी बुश आणि वेल्डिंग. परंतु या सांगाड्यावर येणारे बल प्रथम समजून घेतले पाहिजे. समजा, एखादे इंजिन २०० न्यूटन-मीटर परिबल देते आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आहे. गिअरपेटीतून ७०० न्यूटन-मीटर परिबल बाहेर पडते. इंजिन गाडीच्या लांबीत बसविलेले असेल, तर त्याच्या आधारांना एवढीच प्रतिक्रिया पेलावी लागते. तेच इंजिन आडवे बसविले आणि अंतिम गिअरचे ४ हे गुणोत्तर त्याच पेटीत असले, तर चाकांना मिळणाऱ्या २८०० न्यूटन-मीटरची संपूर्ण प्रतिक्रिया पाळण्याच्या बुशांवर येते. इंजिन तेच, गाडी तीच, पण केवळ दिशा बदलल्याने भार चौपट होतो. डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. ज्याने एकदा फाटलेला ब्रॅकेट हातात धरला आहे त्याला ते कळते, किंवा ज्याने कागदावर गणित मांडले आहे त्याला.

दुसरा प्रश्न कंपनाचा. चार सिलिंडरांचे चतुर्घाती इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट करते. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर ते मंद चालत असेल तर सेकंदाला २५ धक्के बसतात. हे धक्के चासीत उतरू नयेत यासाठी रबरावर तोललेल्या इंजिनाची स्वाभाविक वारंवारता त्याहून बरीच खाली, साधारण १७ च्या आत, ठेवावी लागते. दुचाकीचे एकसिलिंडर इंजिन चारचाकीत बसविले तर अडचण वाढते. मिनिटाला १२०० फेऱ्यांवर त्याचे स्फोट सेकंदाला केवळ दहाच होतात, म्हणून रबर आणखी मऊ हवे. पण रबर मऊ केले की गिअर टाकताना इंजिन डोलते, साखळी किंवा शाफ्ट सरळ रेषेत राहत नाही. मऊपणा आणि घट्टपणा यांतील ही ओढाताण पाळण्याच्या रचनेतील मूळ ताण आहे. त्यातून वाट काढणे हा घडविणाऱ्याच्या निवडीचा, म्हणजेच अभिरुचीचाही, भाग ठरतो. शर्यतीच्या गाडीत रबर काढून टाकून कठीण बुश घालतात आणि कंपन चालकाच्या पाठीला सोसू देतात. कुटुंबाच्या गाडीत तसे केल्यास तो गुन्हाच म्हणावा लागेल.

प्रत्यक्ष घडणीचा क्रमही विचारात घ्यावा असा आहे. जाणता कारागीर प्रथम रिकामा ब्लॉक व गिअरपेटीचे रिकामे कवच वापरतो. वजन कमी असल्याने ते वारंवार वरखाली करता येते. तेलाची टाकी चासीच्या आडव्या तुळईला टेकते काय, स्टिअरिंगचा दांडा धूरनळीला भिडतो काय, बॉनेट मिटते काय, हे सारे लाकडी ठोकळ्यांवर तोलून पाहिले जाते. मागील चाके फिरविणाऱ्या गाडीत शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन एकमेकांइतके ठेवावे लागतात. ते असमान राहिले तर एका सांध्याने निर्माण केलेली वेगातील चढउतार दुसरा सांधा भरून काढीत नाही आणि सारी गाडी घुमू लागते. कोन अगदी शून्य ठेवणेही बरे नव्हे, कारण मग सांध्यातील सुईसारख्या रोलरांना हालचालच मिळत नाही आणि ते एकाच जागी झिजतात. स्थान निश्चित झाले की टाके मारले जातात. पूर्ण वेल्डिंगपूर्वी बुशमधील रबर काढून ठेवले जाते, नाही तर उष्णतेने ते करपते. मग एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, थोडे थोडे वेल्डिंग करीत जावे लागते, कारण तापलेले पोलाद थंड होताना ओढले जाते आणि सकाळी नेमके जुळलेले छिद्र संध्याकाळी दोन मिलिमीटर सरकलेले आढळते. या दोन मिलिमीटरांत कारागिराची प्रतिष्ठा असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ मधील आपल्या ग्रंथात हाताशी असलेल्या वस्तूंतून काम साधणारा 'ब्रिकोलर' आणि योजनेनुसार साहित्य मागविणारा अभियंता असा भेद मांडला. आपल्याकडील 'जुगाड'विषयक लेखनाला हा भेद फार सोयीचा वाटला. पाळण्यापाशी मात्र तो टिकत नाही. इंजिन भंगारातले असेल, चासीही भंगारातली असेल, पण त्या दोहोंमधील सांगाडा भंगारात तयार सापडत नाही. तो मापूनच करावा लागतो. जिल्बेर सिमोंदाँ यांनी १९५८ मध्ये तांत्रिक वस्तूंच्या अस्तित्वाविषयी केलेले चिंतन येथे अधिक उपयोगी पडते. वस्तूचे सुटे भाग परस्परांशी एकजीव होत जाणे हीच त्यांच्या मते तांत्रिक प्रगती. इंजिन-बदलात दोन वेगवेगळ्या कारखान्यांत आधीच एकजीव झालेल्या रचना फोडून पुन्हा जुळवायच्या असतात. त्या अर्थाने पाळणा हा अनुवाद आहे. (अर्थात ही उपमा फार ताणू नये. चुकीच्या अनुवादाने कोणी घाटात दरीत जात नाही.)

तीन गाड्या, तीन सांधे :

महाराष्ट्रातील तीन गाड्या या दृष्टीने शेजारी ठेवून पाहता येतात. पहिली 'मीरा'. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतः घडविलेल्या या छोट्या गाडीचा पहिला नमुना १९४९ मधला. पुढे १९७० पर्यंत त्यांनी तिची नवनवी रूपे साकारली. इंजिन मागील बाजूस. ही गाडी मोठ्या प्रमाणावरील उत्पादनापर्यंत कधीच पोहोचली नाही. तिच्याविषयी जे मराठीत लिहिले गेले त्यात हुकलेल्या संधीची हळहळ प्रमुख आहे. वास्तविक 'मीरा'चे वैशिष्ट्य तिच्या एकसंधतेत शोधले पाहिजे. गाडीची कल्पना आणि इंजिनाची जागा एकाच मनातून निघाल्या. दुसऱ्याच्या वस्तूशी जुळवून घेण्याचा प्रश्न तेथे फारसा नव्हता.

दुसरी 'अवंती'. दिलीप छाब्रिया यांच्या पुण्यातील संस्थेने २०१२ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात ती मांडली. तिच्यावरील सारी चर्चा तिचे नाक, दिवे आणि दरवाजे यांभोवती फिरली. परंतु प्रत्यक्ष विक्रीला आलेल्या गाडीत रेनॉ कंपनीचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आसनांच्या मागे बसविलेले होते, आणि 'अवंती'ला स्पोर्ट्स कार म्हणावे की नाही याचा निर्णय तेथेच लागतो. पुढील चाके फिरविण्यासाठी तयार केलेला इंजिन-गिअरपेटीचा संच उचलून मागील चाकांपुढे नेणे ही युक्ती नवी नव्हे. फियाटची १९७२ ची 'एक्स वन नाइन', टोयोटाची १९८४ ची 'एमआर टू', लोटसची १९९६ ची 'एलिस' याच वाटेने गेल्या. म्हणजे 'अवंती'ची तुलना व्हावयास हवी होती ती या गाड्यांशी, आणि तीही मागील सांगाड्याच्या मुद्द्यावर. मराठी वा इंग्रजी वृत्तपत्रांनी ती इटालियन गाड्यांच्या अंगकांतीशी केली. कवितेच्या पुस्तकाचे परीक्षण मुखपृष्ठावरून करावे, तसाच हा प्रकार झाला.

तिसरी गाडी सर्वांत बोलकी आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांतून सुमारे साठ हजार रुपयांत चारचाकी घडविली. दुचाकीप्रमाणे किक मारून ती सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची चित्रफीत समाजमाध्यमावर मांडली. ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, हेही त्यांनी तेथेच नमूद केले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल पूर्ण झाली. वृत्तपत्रांनी या घटनेला भरपूर जागा दिली. त्या मजकुरात शिक्षण किती, खर्च किती, मुलाची हौस कशी, हे सर्व आले. इंजिन चासीला कसे जोडले, ते मात्र आले नाही. कौतुक माणसाच्या अभावाचे झाले. त्याच्या ज्ञानाकडे कोणी पाहिले नाही. 'एवढे कमी शिकूनही' या शब्दप्रयोगात जो 'ही' आहे तो कौतुकाच्या पोटातील तुच्छता उघड करतो. आडनावातच व्यवसाय असलेल्या माणसाला लोखंड कळते, यात आश्चर्य वाटावे असे काय आहे ? लोखंड हाताळणाऱ्यांकडून ज्ञानाची अपेक्षाच समाजाने सोडून दिली आहे, म्हणूनच ते आश्चर्य वाटते.

त्रिंबक नारायण अत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बलुतेदारीविषयी अत्रे भाबडे नाहीत. त्या व्यवस्थेतील आळस, अडवणूक आणि निकृष्ट काम यांवर त्यांनी कठोर टीका केली आहे. पण टीका करण्यासाठी काम पाहावे लागते, फाळ कसा आहे हे ठाऊक असावे लागते. ज्या कारागिराला दोष देता येतो त्याचीच खरी प्रशंसा करता येते. देवराष्ट्रेच्या गाडीला दोष देण्याची हिंमत कोणी केली नाही, कारण दोष देण्याइतके तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही.

कायद्याची बाजू :

पाहिले ते कायद्याने, आणि तेही दुरून. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील के. जयचंद्र प्रकरणात ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठरविला. अपंग व्यक्तींसाठी रूपांतरित वाहनांची वाट कलमात मोकळी आहे.

या निर्बंधाला केवळ नोकरशाही म्हणून हिणविणे बरोबर नाही. मूळ गाडीचे ब्रेक तिच्या मूळ इंजिनाच्या हिशेबाने असतात. दुप्पट शक्तीचे इंजिन बसविणारा कारागीर पाळणा उत्तम करील आणि ब्रेक विसरेल, हा धोका खरा आहे. आक्षेप वेगळा आहे. ब्रिटनमध्ये हाताने घडविलेल्या एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे, जर्मनीतही एकेका वाहनाला तपासून परवानगी मिळते. तेथे तपासनीस वेल्डिंग पाहतो, बुश पाहतो, नापास करतो आणि कारणही देतो. नापासाचे कारण हेच कारागिराचे पाठ्यपुस्तक असते. आपल्याकडील नमुना-चाचणीची व्यवस्था उत्पादकासाठी आहे. गावच्या घडविणाऱ्याला तिच्यापर्यंत पोहोचण्याची सोय नाही. परिणामी त्याच्या वाट्याला दंड येतो किंवा बक्षीस येते, परीक्षण येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीचा संदर्भ :

हा प्रश्न या दोन वनजिल्ह्यांत अधिक तीव्र होतो. जमशेटजी टाटा यांच्या पोलादाच्या स्वप्नाचे पहिले ठिकाण हेच होते. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाविषयीचा रिटर फॉन श्वार्त्झ यांचा १८८२ चा अहवाल त्यांच्या वाचनात आला होता. वरोऱ्याचा कोळसा भट्टीला मानवला नाही आणि पुढे शोध दुर्गकडे व तेथून पूर्वेस सरकला. गावाचे नाव लोहारा, पण कारखाना दुसरीकडे. आज सूरजागडचे खनिज निघत आहे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहिला आहे. कोळसा, कागद, वीज आणि संरक्षण उत्पादन यांच्या आसऱ्याने चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती या पट्ट्यात वेल्डिंग करणारे हात आधीपासून आहेतच.

या पट्ट्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था एकमेकांपासून दूर नाहीत. त्यांच्यातील अंतर वेगळ्या प्रकारचे आहे. 'बाहा'सारख्या राष्ट्रीय स्पर्धांत विद्यार्थी ठरवून दिलेल्या इंजिनाभोवती नळ्यांची चासी उभारतात. त्यांच्या अहवालात संगणकावरील ताणाची रंगीत चित्रे असतात. त्या चासीचे टाके ज्या हातांनी मारले, त्या हातांनी कोणता क्रम ठेवला आणि पोलाद किती ओढले, याची नोंद त्या अहवालात ठेवली जाऊ शकते आणि तिला गुणही देता येतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डिंगच्या निदेशकाला त्या परीक्षणास बसविण्यास कोणत्याही विद्यापीठीय नियमाची आडकाठी येऊ नये. त्याच्यासमोर पाळणा ठेवावा, बुश काढावेत, आणि छिद्रे जुळतात की नाही हे त्यानेच सांगावे.