प्रतिपिंडजन्य प्रतिकारशक्ती आणि मॅक्रोफेज : अध्यापनातील एका विभाजनाची चिकित्सा

पदवी स्तरावर प्रतिकारशास्त्र शिकविताना प्रतिकारशक्तीचे 'प्रतिपिंडजन्य' व 'पेशीजन्य' असे दोन कप्पे पाडण्याची प्रथा रूढ आहे. पहिल्यात बी-पेशी व प्रतिपिंडे, दुसऱ्यात टी-पेशी. मोनोसाइट व त्यांपासून निर्माण होणाऱ्या मॅक्रोफेज पेशींची बोळवण मात्र आधीच्याच 'जन्मजात प्रतिकारशक्ती' या प्रकरणात होते. ही मांडणी परीक्षेच्या सोयीची आहे. शरीरातील वस्तुस्थितीशी ती जुळत नाही.

न्यूमोकॉकससारख्या जिवाणूस प्रतिपिंड चिकटते, परंतु त्यास ते स्वतः मारू शकत नाही. प्रतिपिंडाचा एफसी भाग मॅक्रोफेजवरील ग्राहकात अडकतो, पूरक प्रथिनांची जोड मिळते आणि मगच भक्षणास वेग येतो. राइट व डग्लस यांनी 1903 मध्ये रक्तद्रवातील या साहाय्यक घटकास 'ऑप्सोनिन' म्हटले. 1908 चे नोबेल पारितोषिक पेशीवादी मेचनिकॉफ व रक्तद्रववादी अर्लिक यांना विभागून मिळाले. पाठ्यपुस्तकांनी मात्र ती फारकत अद्याप जपली आहे!

प्रयोगशाळेतील रक्तगट तपासणीनेही हा गैरसमज दृढ होतो. काचपट्टीवर गुठळ्या दिसतात, आणि शरीरातही असेच घडत असावे असे विद्यार्थी समजतो. वास्तविक आर-एच प्रतिपिंडे चिकटलेल्या तांबड्या पेशी मुख्यतः प्लीहेतील मॅक्रोफेजच नष्ट करतात.

नंदुरबार जिल्ह्यात या त्रुटीस वेगळे गांभीर्य प्राप्त होते. येथील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल विकार आढळतो. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या घरीही तो असू शकतो. विळ्याच्या आकाराच्या पेशींनी प्लीहेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वारंवार अडतात आणि बालपणीच तिचे कार्य खालावते. आवरणयुक्त जिवाणूंविरुद्ध प्रतिपिंड तयार करण्याची क्षमता त्यामुळे घटतेच. शिवाय जी प्रतिपिंडे लसीमुळे किंवा संसर्गामुळे निर्माण होतात, त्यांना रक्त गाळणाऱ्या मॅक्रोफेजची साथ अपुरी पडते. भारतीय रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याने प्लीहा पुष्कळदा मोठी राहते. तथापि पाणथरी हाताला लागते म्हणजे ती काम करते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

रक्त चढविल्यानंतर याच यंत्रणेची दुसरी बाजू दिसते. परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असलेल्या रुग्णात दात्याच्या तांबड्या पेशी काही दिवसांनी मॅक्रोफेजकडूनच गिळल्या जातात.

2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि तपासणीस गती आली. प्रश्नपत्रिकेत मात्र प्रतिपिंडाची 'वाय' आकाराची आकृतीच विचारली जाते. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावरील सिकलसेलग्रस्त बालकास ताप येताच रुग्णालयात का न्यावे, त्यास पेनिसिलिन व न्यूमोकॉकसची लस दोन्ही का द्यावीत, याचे पूर्ण उत्तर त्या आकृतीत सापडत नाही.