गाळायचं काय, हे कधी शिकवणार?

आता पाठाखालच्या स्वाध्यायाकडे येऊ. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगतात. पत्रलेखनाला तो पर्याय असतो. या कौशल्याची पायाभरणी प्राथमिक वर्गांत व्हायला हवी. आमच्या मते ती फारशी होत नाही.

नेहमीचे प्रश्न आठवा. एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले, जोड्या लावा. तहानलेल्या कावळ्याचीच गोष्ट घ्या. 'कावळ्याने माठात काय टाकले?' मूल ती ओळ शोधतं, जशीच्या तशी उतरवतं, झालं उत्तर! माहिती शोधता यायलाच हवी, त्याला आमचा विरोध नाही. पण सारांशात काम उलटं असतं. तिथे काय सोडायचं ते ठरवावं लागतं. ऊन किती कडक होतं, कावळा कुठकुठे फिरला, हे गेलं तरी चालतं. पाणी तळाशी होतं, हे गेलं तर गोष्टच उरत नाही. हा फरक स्वाध्याय विचारतच नाही.

'गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा' असं पुस्तकात असतं, हे खरं. पण किती थोडक्यात आणि कोणासाठी, हे सांगितलं नाही तर मूल पाठ केलेली गोष्टच म्हणून दाखवतं.

दुसरा घोळ तात्पर्याचा. सारांश विचारला की मुलं सांगतात, 'म्हणून नेहमी युक्तीने वागावे.' हा झाला बोध. सारांश म्हणजे काय घडलं ते थोडक्यात. दोन्ही हवेत, पण वेगवेगळे.

मग करायचं काय? तिसरीपासून छोट्या कृती द्या. 'आईने कांदे, बटाटे, वांगी, मेथी आणली' हे तीन शब्दांत सांगा: आईने भाजी आणली. इथे मूल अनेक गोष्टींना एक नाव द्यायला शिकतं. मग ज्याने पाठ वाचलेला नाही अशा मित्राला तो तीन वाक्यांत सांगा. आणि शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: काय गाळलंस, का गाळलंस? दोन मुलांची उत्तरं वेगळी आली तर उत्तम. वर्गात चर्चा तिथेच सुरू होते.

हा प्रश्न दहावीच्या चार-सहा गुणांपुरता नाही. ज्याला महत्त्वाचं निवडता येत नाही, त्याला इतिहास-विज्ञानाचं टिपणही काढता येत नाही. मग निवड त्याच्यासाठी गाइडवाला करतो, आणि मूल ती पाठ करत राहतं.