प्रतिमान आणि वास्तव

इंजिन-नियंत्रणाच्या चाचणीसाठी टोयोटाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेली तीन प्रतिमाने हा मोलाचा उपक्रम होय. उद्योगाच्या भिंतीआड राहणारा प्रश्न त्यामुळे विद्यापीठांपुढे आला. प्रश्न आहे हवा व इंधन यांच्या प्रमाणाचा. पेट्रोलच्या एका भागास हवेचे वजनी सुमारे १४.७ भाग मिळाले, तरच त्रिमार्गी उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड, अदग्ध हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा एकसमयी निरास करू शकतो.

पहिले प्रतिमान कोष्टके व कालविलंब यांसह वास्तवाच्या अधिक जवळ जाते. पुढील दोन क्रमाने सोपी होत तिसऱ्यात बहुपदी समीकरणेच उरतात. २०१५ साली इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी बहुपदी प्रतिमानाची सिद्धता दिली, हे यश निःसंशय मोठे. तथापि वाहनातील आज्ञावली पहिल्या प्रतिमानाच्या जातीची असते. आणि त्यावरील चाचण्यांतून दोष सापडतो, निर्दोषत्व सिद्ध होत नाही. सरलीकरणाने किती अंतर पडले याची मर्यादा ठरविल्यावाचून तिसऱ्याची सिद्धता पहिल्यास लागू करणे म्हणजे नकाशा तपासून रस्ता निर्धोक ठरविणे होय. अभ्यासकांनी यापुढे सिद्धतेइतकेच लक्ष या अंतराच्या मोजमापाकडे द्यावयास हवे.